सुपर रेड म्हणून बंजर गळ्यात मारला : ६०,७०० रुपयांना चुना

पाच इंची पिल्लू ५५,०००, ‘सायटिसचे कागद’ (सायटिस म्हणजे दुर्मीळ प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) ४,५००, घरपोच १,२००. एकूण ६०,७०० रुपये मोजून घेतलेला सुपर रेड अरोवाना, म्हणजे टाकीत पाळायचा महागडा लाल मासा, बंजर रेड हा त्याचाच स्वस्तातला प्रकार निघाला. सांगायला लाज वाटते, पण दुकान जोरात चालू आहे आणि टाकीत तसलीच पिल्लं आहेत.

टाकीवर गुलाबी ट्यूब होती. त्या उजेडात कुठलाही अरोवाना लालसर दिसतो. गोम उघडी पडली ती मासा पिशवीत भरताना. पिशवी दारापाशी उन्हात आली तेव्हा शेपूट पिवळट-नारिंगी आणि पाठ हिरवट दिसत होती. अगदी स्पष्ट! “घाबरला की रंग सोडतो, टाकीत सेट झाला की चढेल,” हे दुकानदाराने वर ऐकवलं. घाबरलेला अरोवाना फिका पडतो हे खरंच आहे, म्हणून तर जाणकारालाही ते पटतं. पण फिका पडलेला लाल पिवळा होत नाही! सुपर रेडच्या पिल्लाचे पर आणि शेपूट लाल असतात, बहुतेकदा ओठ आणि मिशाही. बंजरला कितीही झिंगे घाला, खवल्यांच्या कडा तशा लाल होत नाहीत. ट्यूब बंद करायला लावा, पांढऱ्या उजेडात बघा. दुकानदार कुरकुरला तर निघा.

आता चिप, म्हणजे ओळख पटावी म्हणून माशाच्या अंगात बसवलेला नंबर. सर्टिफिकेटवर १५ आकडी नंबर छापलेला, आणि “स्कॅनर सप्लायरकडे आहे.” कुत्र्यांची चिप वाचणाऱ्या पशुवैद्याचा रीडर चालतो. चिप पाठीच्या मांसात असते. रीडर फिरवला, काही नाही. नंबर कागदावरच. आधी स्कॅन, मग पैसे. आणि फार्मचं सोनेरी सर्टिफिकेट म्हणजे सायटिसचा परवाना नव्हे.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस ठाण्यात हसले : “माशासाठी एफआयआर?” सायबर हेल्पलाइनवर म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग ऑनलाइन फसवणूक कशी? वन कार्यालयात पाठवलं, तिथे उलट आम्हालाच प्रश्न, नोंदणी कुठंय? आशियाई अरोवाना सायटिसच्या परिशिष्ट १ मध्ये आहे. वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नियमांनुसार असा प्राणी बाळगणाऱ्याने पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करायची असते. कबूल. पण त्यासाठी मासा मुळात कुठून आला त्याचे कागद लागतात, आणि खोटे कागद विकणाऱ्याला बोलवा म्हटलं तर “ते आमच्याकडे येत नाही.” मग कोणाकडे येतं? दुकान त्याच रस्त्यावर आहे, चालत जा! विकणारा मोकळा, घेणारा आरोपीच्या पिंजऱ्यात.

राहिला ग्राहक आयोग. तिथे बिल लागतं, आणि बिलावर आहे ‘शोभिवंत मासा, १ नग’. जात आणि चिप नंबर बिलावर लिहून घेतल्याशिवाय यूपीआयचा पिन टाकू नका. व्हॉट्सॲपवरचं ‘१००% सुपर रेड’ही पुसू नका, सध्या आमच्या हातात तेवढंच आहे. दुकानदार म्हणतो, बदल्यात दोन सिल्व्हर (स्वस्तातले चंदेरी अरोवाना) घेऊन जा.