स्क्रीनशॉट पाठवावा की लिंक?

जून २०२० मध्ये लोणारच्या सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर त्याचा स्क्रीनशॉट आला. फोटो खरा होता, पण ना तारीख, ना स्रोत. निम्म्या मंडळींनी तो रंगवलेलाच ठरवला. लिंक आली असती तर पुढची हकिकतही हाती लागली असती: पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्या पाण्यात गुलाबी रंगद्रव्य तयार करणारे, खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव सापडले. अशा अजब गोष्टींची खरी गोडी या ‘का’मध्येच असते, म्हणून तिथे मी ठामपणे लिंकच्या बाजूची.

लिंकमध्ये खोट एकच, पण मोठी. पानं नाहीशी होतात. त्यावर उपाय आहे: इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर पान साठवायचं आणि तो पत्ता पाठवायचा.

रोजच्या प्रश्नांना मात्र स्क्रीनशॉटच बरा. नेट रडत असलं तरी बहुधा उघडतो, आजीलाही बोटांनी मोठा करून वाचता येतो. वीजबिलातला ‘स्थिर आकार’ म्हणजे काय, हे विचारताना बिलच दिसायला हवं; फक्त ग्राहक क्रमांक आणि पत्ता आधी झाका.