रडार पातळीमापक: केंद्राखालच्या नदीवर नजर

जलविद्युत केंद्राखाली ठरलेला किमान विसर्ग नदीत खरंच सुटतोय का, हे पाहायला वरून रडार लहरी सोडून पाण्याची पातळी मोजणारा, पाण्याला न टेकणारा रडार पातळीमापक चांगला. पाण्यात बुडवायचा दाब-संवेदक गाळात रुततो, इथे ती कटकट नाही. पण हा सांगतो फक्त पातळी. विसर्गासाठी करंट मीटरने (पाण्याचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) कमी, मध्यम आणि जास्त प्रवाहात मोजणी करून पातळी-विसर्ग वक्र, म्हणजे कोणत्या पातळीला किती विसर्ग हे दाखवणारा आलेख, बांधावा लागतो. पूर ओसरला की पात्र बदललेलं असू शकतं, म्हणजे वक्र पुन्हा तपासायचा. विक्रेते हे सांगत नाहीत.

बसवताना रडारचा किरण पाण्यावर काटकोनात पडावा. पुलाचा खांब त्याच्या शंकूत आला तर खोटा प्रतिध्वनी येतो, फेसाळ पाण्यावर आकडे नाचतात. अँटेनावरचं कोळ्याचं जाळंही नडतं.

नोंद दर 1 मिनिटाला ठेवा, बॅटरी खाल्ली तरी चालेल. 15 मिनिटांच्या नोंदीत पाणी झपाट्याने उतरल्याचं नीट कळत नाही, आणि माशांची पिल्लं डबक्यात अडकतात ती नेमकी तेव्हाच.

धोक्याचा भोंगा मात्र याच्यावर सोपवू नका. टर्बाइन सुरू झाल्यावर वाढलेलं पाणी मापकाला दिसेपर्यंत पात्रात कपडे धुणाऱ्यांना उशीर झालेला असतो. भोंगा टर्बाइन सुरू करण्याच्या आदेशालाच जोडा.