हार्डनरच्या बाटलीतले थिनर

आमच्याकडे २००६ सालची टाटा ४०७ आहे. वडिलांनी ती जुनीच विकत घेतली आणि तेव्हापासून ती नारायणगावच्या टोमॅटो बाजारात, आणि अधूनमधून वाशीला, क्रेट वाहत आली आहे. टोमॅटोचा रस आंबट असतो. तो फुटलेल्या क्रेटमधून गळतो, मातीत मिसळून पत्र्याच्या सांध्यांत साचतो आणि तेथूनच गंज सुरू होतो. गेल्या वर्षी केबिनच्या तळाचा पत्रा ड्रायव्हरच्या टाचेखाली दबू लागला, दोन्ही दरवाजांच्या खालच्या कडा हाताने मोडता येतील इतक्या सडल्या, आणि पासिंगची तारीख तर दर वर्षीप्रमाणे जवळ येत होती. गॅरेजवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून मी ठरवले की वेल्डिंग गावातल्या वेल्डरकडून करून घ्यायचे आणि बाकीचे सगळे, म्हणजे घासणे, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरणे आणि रंग मारणे, अंगणातच स्वतः करायचे.

पत्र्याचे काम मी मनापासून केले, हे पुढच्या हकिकतीसाठी सांगणे आवश्यक आहे. सडलेला भाग नुसता लांबीने बुजवला नाही; चांगला पत्रा लागेपर्यंत तो ग्राइंडरने कापून काढला आणि तेथे नवा पत्रा जोडून घेतला. उरलेला गंज तारेच्या ब्रशने पांढरा पत्रा दिसेपर्यंत घासला. लांबी पातळ थरांत भरली आणि ती कोरडीच घासली, कारण उघडी लांबी पाणी पिते आणि ते पाणी पुढे रंगाखाली फोड होऊन वर येते. त्यावर एपॉक्सी प्रायमरचे, म्हणजे रंगाखालच्या अस्तराचे, दोन हात मारले. हा प्रायमर आणि त्याचा हार्डनर, म्हणजे त्यात मिसळून थर पक्का करणारा दुसरा भाग, मी तालुक्याच्या गावातील दुकानातून सीलबंद डब्यांत, पक्क्या बिलावर आणला होता. यात मला महिना गेला.

वरच्या रंगासाठी मात्र मी पुण्याला गेलो. आरसीवर जो रंग नोंदवलेला आहे तोच मला हवा होता, आणि जुन्या दरवाजाचा तुकडा पाहून शेड जुळवून देणारे दुकान तेथे आहे असे एका ओळखीच्या माणसाने सुचवले होते. मी पीयू (पॉलियुरेथेन) रंग मागितला. पीयूमध्ये रंग आणि हार्डनर यांची रासायनिक क्रिया होऊन थर पक्का होतो, तर एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग केवळ थिनर उडून गेल्यामुळे सुकतो. म्हणून पीयू महाग असतो आणि उन्हापावसात टिकतो. दुकानदार बोलायला अतिशय नम्र होता. त्याने माझ्यासमोर तुकडा पाहिला, आत जाऊन अर्ध्या तासाने चार लिटरचा डबा आणला, आणि सोबत लेबल नसलेली प्लास्टिकची एक लिटरची बाटली ठेवून म्हणाला, "हा हार्डनर. ड्रममधून काढून देतो, म्हणून स्वस्त पडतो. एकास चार घाला."

डब्याच्या झाकणाची कड ठोकलेली दिसत होती. मी विचारले, तेव्हा शेड मिसळण्यासाठी डबा उघडावाच लागतो असे उत्तर मिळाले, आणि ते खोटे नव्हते. पण शेड रंगात मिसळली जाते, हार्डनरमध्ये नाही. हार्डनरचा डबा उघडण्याचे दुकानदाराला कोणतेच कारण नसते. उलट तो हवेतील ओलाव्यानेच खराब होतो, म्हणून कंपनीचे सील गिऱ्हाईकाने फोडायचे असते. हे मला माहीत होते आणि तरीही मी गप्प बसलो, कारण त्याच वेळी पैशांचे बोलणे सुरू झाले होते. सगळ्या मालाचे ६,२०० रुपये झाले. पक्के बिल हवे असेल तर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी १,११६ रुपये पडतील, असे त्याने सांगितले. मी कच्ची चिठ्ठी घेतली. तिच्यावर "कलर सामान" एवढेच लिहिले होते. ना कंपनीचे नाव, ना रंगाचा प्रकार, ना दुकानाचा शिक्का. कर चुकवण्यात मी त्याचा भागीदार झालो होतो, ही गोष्ट मी येथे लपवत नाही.

रंग मारताना काही खटकले नाही. हार्डनरमधील आयसोसायनेट श्वासाला घातक असते असे वाचल्यामुळे मी वाफ गाळणाऱ्या काडतुसाचा मुखवटा घालून, हातमोजे चढवून, मुलांना घरात कोंडून काम केले. त्या बाटलीत काय होते हे आता ठाऊक असल्याने तो सगळा थाट आठवला की हसू येते. गाडी सुकली, सुरेख दिसली. दुसऱ्या दिवशी सकाळी मगमध्ये उरलेला मिसळलेला रंग पाहिला तर तो अजून पातळच होता. खऱ्या पीयूमध्ये हार्डनर पडला की काही तासांतच तो घट्ट होऊ लागतो आणि रात्रभरात वाया जातो. माझा रंग वाया गेला नाही म्हणून मला आनंद झाला, आणि पुढे ओरखडे पडले तर उपयोगी येईल म्हणून मी तो बरणीत भरून ठेवला. फसवणुकीचा सर्वांत स्वच्छ पुरावा मी स्वतःच्या हाताने झाकण लावून फळीवर ठेवला होता.

तीन महिन्यांत टपाची आणि बॉनेटची चमक गेली. मग हात फिरवला की बोटांना रंगाची भुकटी लागू लागली. आमच्या गावात एक वयस्कर पेंटर आहेत. त्यांनी काही न बोलता फडके थिनरमध्ये भिजवले आणि दरवाजावर चार वेळा घासले. फडक्यावर रंग आला आणि दरवाजावर प्रायमर उघडा पडला. पक्का झालेला पीयू थिनरने असा निघत नाही. "साधा एनसी आहे, आणि बाटलीत थिनरच असणार," असे ते म्हणाले.

मी दुकानात गेलो तेव्हाचा संवाद मला सर्वांत जास्त लागला. दुकानदार रागावला नाही, त्याने नाकारलेही नाही. त्याने फक्त प्रश्न विचारले. प्रमाण मोजून घेतले होते का? थिनर जास्त पडला असेल. हवेत दमटपणा होता का? कॉम्प्रेसरमध्ये पाणी साचले असेल. शेवटी त्याने विचारले, "पेंटर कोण होता?" मीच, असे म्हटल्यावर तो शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहून समजूतदारपणे हसला. पेंटरने रंग मारला असता तर तो दुकानदाराशी भांडला असता, कारण त्याच्या पोटाचा प्रश्न होता. स्वतः काम करणाऱ्या माणसाचा प्रत्येक दोष त्याच्याच हातावर ढकलता येतो, आणि त्याच्या मनातही ती शंका आधीपासून असतेच. मी क्षणभर खरोखर गोंधळलो.

परतीच्या एसटीत मला प्रायमर आठवला. तोही दोन भागांचा, तोही मीच मिसळलेला. अंगण तेच, कॉम्प्रेसर तोच, रंग फवारायची गन तीच. आणि त्याच दरवाजावर, त्याच थिनरच्या फडक्याखाली तो जसाच्या तसा राहिला होता. हे उत्तर दुकानात सुचले नाही याची चुटपुट अजून आहे.

तक्रारीचा विचार केला. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागू होत नाही, परंतु स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला तो अपवाद आहे; १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही नाही. पण माझ्याकडे होती ती दोन शब्दांची चिठ्ठी. काय विकत घेतले, कोणाकडून घेतले, यांपैकी काहीच ती सांगत नव्हती. वाचवलेले १,११६ रुपये असे वसूल झाले.

एनसीवर थेट पीयू मारता येत नाही. नव्या रंगातील थिनर खालचा थर उचलतो आणि सुरकुत्या पडतात. त्यामुळे सगळी गाडी प्रायमरपर्यंत उतरवावी लागली. फडकी, थिनर, पुन्हा घासणे, पुन्हा कागद चिकटवून काचा झाकणे, यांत तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस क्रेट भाड्याच्या गाडीतून गेले. या वेळी रंग आणि हार्डनर एकाच कंपनीचे आणले, पक्के बिल घेतले आणि त्यावर मालाचे पूर्ण नाव आणि बॅच क्रमांक लिहून घेतला. आवेष्टित मालावर निर्मात्याचे नाव-पत्ता, निव्वळ वजन किंवा माप, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली असणे कायद्याने बंधनकारक आहे. हार्डनरच्या डब्यावर ती सगळी माहिती होती आणि सील मी घरी फोडले. गाडीला हात लावण्यापूर्वी कापलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर थोडा रंग मारून पाहिला, तो सुकल्यावर दोन दिवसांनी थिनरने घासला, आणि मगमध्ये थोडा रंग मुद्दाम उरवून त्यात ढवळायची काडी तशीच ठेवली.

तुकड्यावरून फडके पांढरे निघाले. मगमधली काडी ओढून पाहिली तर काडीबरोबर मगच वर उचलला गेला.