तुळशीच्या सिल्व्हर नॅनोपार्टिकल्सचं टेस्टिंग : पुण्यातल्या या लॅबचा माझा अनुभव

वनस्पतींपासून नॅनोपार्टिकल्स (धातूचे अतिसूक्ष्म कण) बनवणाऱ्या एम.एस्सी. आणि पीएच.डी.च्या पोरांसाठी मुद्दाम लिहितेय, कारण कॉलेजमध्ये यूव्ही-व्हिजिबल मशीन (द्रावण कुठला प्रकाश शोषतं ते मोजणारं) असतं पण एक्सआरडी (एक्स-रेने स्फटिक ओळखणं), टीईएम (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने कण बघणं) बाहेरूनच करून घ्यावं लागतं आणि सॅम्पल कुठे द्यायचं हे कोणी धड सांगत नाही. आमचं काम तुळशीच्या पानांवर. पानं उकळून गाळलेला अर्क १ मिलिमोलर सिल्व्हर नायट्रेटमध्ये घातला की फिकट पिवळं द्रावण बघता बघता तपकिरी होतं, यूव्हीला ४३० नॅनोमीटरच्या आसपास पीक (आलेखातलं टोक) येतो. इथपर्यंत बहुतेकांचं होतंच. पण जखमेवरच्या मलमात वापरायचंय म्हटलं की खरं काम पुढे असतं, आणि तिथे या लॅबने खूप मदत केली.

सॅम्पल घ्यायच्या आधीच तिथल्या मॅडमनी फोनवर विचारलं की पार्टिकल्स सेंट्रीफ्यूज करून (जोरात फिरवून खाली बसवून) नीट धुतलेत का, कारण द्रावणात मोकळे सिल्व्हर आयन (चांदीचे विरघळलेले भारित अणू) राहिले तर ते स्वतःच बॅक्टेरिया मारतात आणि प्लेटवर दिसणारा झोन (बॅक्टेरिया न वाढलेली गोल जागा) नक्की कशामुळे आलाय ते सांगताच येत नाही. नुसता अर्क, नुसतं सिल्व्हर नायट्रेट आणि धुतल्यावर वरचं राहिलेलं पाणी, असे तीन कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) लावा म्हणाल्या. एवढं सगळं समजावलं, आणि तेव्हा आम्ही एक रुपयाही भरला नव्हता!

एक्सआरडीचा रिपोर्ट तर मला फारच आवडला. ३८, ४४, ६४ आणि ७७ अंशांजवळचे पीक चांदीचे, ते आलेच, पण ३२ आणि ४६ जवळ दोन जास्तीचे होते. बरेच जण अशा पीकवर चांदणी काढून ‘अर्कातले सेंद्रिय घटक’ असं लिहून मोकळे होतात. यांनी स्पष्ट लिहिलं की हे सिल्व्हर क्लोराइड आहे, पानांच्या अर्कात क्लोराइड असतंच आणि ते चांदीशी जुळून खाली बसतं. औषधात जाणारी गोष्ट आहे, तर आत काय काय आहे हे माहीत नको का?

टीईएममध्ये पार्टिकल्स बहुतेक गोल, १० ते २५ नॅनोमीटरचे दिसले, आणि डीएलएसमध्ये (द्रावणातल्या कणांवर प्रकाश टाकून साइज मोजणं) साइज कितीतरी मोठी आली. घाबरायचं काही नाही, डीएलएस वरचं अर्काचं आवरण आणि त्याला धरून असलेलं पाणीसुद्धा मोजतं, शिवाय मोठे कण प्रकाश जास्त फेकतात म्हणून आकडा वर जातो. हे त्यांनी रिपोर्टच्या खालीच दोन ओळींत दिलंय, गाइडना दाखवायला बरं पडतं.

आता तक्रारी. टीईएमचा स्लॉट ऐनवेळी पुढे ढकलला आणि आम्हाला आपणहून कळवलं नाही, फोन केल्यावर समजलं. रॉ डेटा मागितल्याशिवाय देत नाहीत, नुसती पीडीएफ येते. आणि पेशींवरची टेस्ट इथे होत नाही. मलम म्हणायचं असेल तर त्वचेच्या पेशी त्या डोसला जगतात का हे बघावंच लागतं, बॅक्टेरिया मेले एवढ्यावर औषध होत नाही. त्यासाठी दुसरीकडे जावं लागेल.

हे काम पुण्यात करताना मला खरंच अभिमान वाटतो, कारण २००३-०४ च्या सुमारास पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्रींच्या टीमने जिरेनियम, कडुनिंब आणि गवती चहा वापरून सोन्या-चांदीचे नॅनोपार्टिकल्स केले होते आणि जगभर त्या कामाचे दाखले दिले जातात. म्हणून तर आपल्याकडून अर्धवट डेटा जाऊ नये असं मनापासून वाटतं. आणि हो, घरी बनवलेलं किंवा ऑनलाइन मिळणारं चांदीचं पाणी ‘नॅचरल आहे’ म्हणून कोणी पिऊ नका, चांदी शरीरात साठून त्वचा कायमची निळसर-करडी पडते.

सॅम्पल देणार असाल तर एक्सआरडी आणि एफटीआयआरसाठी (इन्फ्रारेड प्रकाशाने रासायनिक बंध ओळखणं) पूर्ण सुकवलेली पावडर न्या, ओल राहिली तर एफटीआयआरमध्ये पाण्याचा पीक १६४० जवळ येऊन अर्काच्या पीकमध्ये मिसळतो. द्रावण तपकिरी बाटलीत द्या, बाटलीवर बॅचची तारीख आणि पानं कधी तोडली तेही लिहा, कारण ऋतू बदलला की अर्क बदलतो आणि पार्टिकल्सची साइजही. स्टुडंट रेट हवा असेल तर कॉलेजचं पत्र आधीच मेल करा.