रोड बाइकचं हँडलबार पाच सेंटिमीटर वर: काही महिन्यांच्या वापरानंतर

हँडलबार एवढं वर घेतल्यावर ती रोड बाइक राहते का, असं मला बरेच जण विचारतात, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. राहते. माझ्या बाबतीत तर ती आत्ता कुठे पूर्ण वापरात आली. ड्रॉप बारचा, म्हणजे खाली वळलेल्या हँडलबारचा, खालचा भाग मी पूर्वी फक्त उतारावर, तोही नाइलाजाने धरायचे. आता समोरून वारा लागला की हात आपोआप तिकडे जातात आणि बराच वेळ तिथेच राहतात. सगळा खटाटोप मानेसाठी आणि हातांसाठी केला होता, हा फायदा वरचा.

आधीची परिस्थिती अशी होती: सीटच्या वरच्या पातळीपेक्षा हँडलबार साधारण ८ सेंमी खाली. शर्यतीत उतरणाऱ्या, रोज व्यायामाने पाठ आणि मांड्यांमागचे स्नायू मोकळे ठेवणाऱ्या माणसाला हे काहीच नाही. मी मात्र दिवसभर खुर्चीत बसून काम करते आणि सुट्टीच्या दिवशी लांब जाते. तासाभरात खांदे कानांकडे चढायला लागायचे. मग मान भरून यायची, कारण धड खाली वाकलेलं आणि नजर रस्त्यावर, म्हणजे मान सतत मागे मोडलेली. त्यानंतर करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाला मुंग्या यायच्या. ही दोनच बोटं बधिर होण्याचं कारण अल्नर नस. ती मनगटापाशी तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूने जाते आणि शरीराचा भार नेमका तिथे रेलला की दबते. जेल पॅडचे हातमोजे, जाड बार टेप हे सगळं करून झालं. थोडा फरक पडायचा, पण भार तिथेच राहायचा.

हँडलबारला हात लावण्याआधी सीट तपासणं गरजेचं आहे, आणि हे मी अगदी ठासून सांगेन. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर माणूस सतत पुढे घसरतो आणि स्वतःला हातांनी मागे ढकलत राहतो. अशा वेळी हँडलबार कितीही वर घ्या, तळहात दुखणारच. माझी सीट स्पिरिट लेव्हल लावून पाहिली, ती सपाट होती. दुसरं म्हणजे, हँडल लांब वाटतं म्हणून सीट पुढे सरकवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी मानला नाही. सीटची जागा पाय आणि पेडल यांच्या हिशोबाने ठरते. ती पुढे घेतली की गुडघ्यांचं गणित बिघडतं, शिवाय शरीराचा तोल पुढे जाऊन हातांवर आणखी वजन येतं.

आता हँडलबार वर घ्यायचं कसं, तर ते सायकलीच्या वयावर अवलंबून आहे. स्टेम म्हणजे हँडलबारला फोर्कशी जोडणारा तुकडा. जुन्या सायकलींना क्विल स्टेम असतो, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या नळीत आत सरकणारा. वरचा बोल्ट सैल करायचा, त्यावर हलका ठोका द्यायचा आणि स्टेम हवा तेवढा वर ओढायचा. मर्यादा एकच: स्टेमवर कोरलेली किमान खोलीची रेघ बाहेर दिसता कामा नये. १९९०च्या दशकात थ्रेडलेस (आट्यांविना) हेडसेट, म्हणजे हँडल फिरतं तो बेअरिंगचा सांधा, रुळला आणि ही सोय गेली. त्यात फोर्कची नळी, म्हणजे स्टिअरर, हेडसेटमधून वर येते आणि स्टेम तिला बाहेरून पकडतो. नळी जिथे कापली तिथे उंची संपली. ग्रँट पीटरसन यांनी १९९४ मध्ये रिव्हेन्डेल ही सायकल कंपनी सुरू केली तेव्हापासून हा माणूस हँडलबार सीटच्या बरोबरीला किंवा त्याहून वर असावं असं सांगत आलाय. त्यांच्या सायकलींवर लांबलचक क्विल स्टेम का दिसतात, हे मला माझ्या कापलेल्या स्टिअररकडे पाहताना नीट कळलं.

माझं नशीब एवढंच की नळी अगदी स्टेमलगत कापलेली नव्हती. नळीवर एकूण ३० मिमीचे स्पेसर, म्हणजे उंची भरून काढणाऱ्या कड्या होत्या, त्यातले १० स्टेमखाली आणि २० वर. वरचे १५ मिमी खाली घेतले, ५ मिमीचा एक वर ठेवला. हेड ट्यूब, म्हणजे फ्रेमची पुढची नळी, जमिनीशी साधारण ७३ अंशांच्या कोनात कललेली असते, त्यामुळे हँडलबार वर जातं तसं थोडं मागेही येतं. १५ मिमीच्या या बदलात ते सुमारे १४ मिमी वर आणि ४ मिमी जवळ आलं.

दुसरी पायरी स्टेम उलटा करण्याची. माझा मूळ स्टेम ११० मिमी लांब आणि ६ अंशांचा, खाली तोंड करून बसवलेला. तोच काढून उलटा बसवला की हँडलबार आणखी २२ मिमी वर जातं आणि ७ मिमी जवळ येतं. खर्च शून्य, एक ॲलन की पुरते. या स्थितीत मी काही आठवडे चालवली. मान जवळजवळ सुधारली, बोटं मात्र नाही. हातात अजून ताण होता, कोपर सरळ राहत होते. म्हणजे उंची मिळाली, पण पल्ला, म्हणजे सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर, अजून लांब होता.

इथे एक गोष्ट हिशोब करूनच लक्षात येते. पल्ला कमी करायला आखूड स्टेम घ्यावा असं सहज वाटतं. पण वर तोंड केलेला स्टेम आखूड केला की उंचीही जाते. ११० ऐवजी ६ अंशांचाच ९० मिमीचा घेतला असता तर हँडल १८ मिमी जवळ आलं असतं आणि सोबत ८ मिमी खाली गेलं असतं. त्याऐवजी मी १०० मिमीचा १७ अंशांचा स्टेम घेतला. तोही हँडल तेवढंच, १८ मिमी जवळ आणतो, पण खाली नेण्याऐवजी १३ मिमी वर नेतो. सगळं मिळून मूळ जागेपासून हँडलबार जवळपास ५ सेंमी वर आणि ३ सेंमी जवळ आलं. आता ते सीटपेक्षा ३ सेंमी खाली आहे आणि मला तिथेच हवं आहे. दिसायला हा स्टेम आकाशाकडे तोंड करून बसल्यासारखा दिसतो. ते ज्यांना खटकतं त्यांना खटको, माझी बोटं शाबूत आहेत.

जोडणीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण या कामात धोका आहे तो इथेच. वरची टॉप कॅप, म्हणजे नळीवरचं झाकण, काढून स्टेमचे बाजूचे दोन बोल्ट सैल केले की फोर्कला धरून ठेवणारं काही उरत नाही. सायकल स्टँडवर टांगलेली असेल तर फोर्क चाकासकट खाली सरकू शकतो, म्हणून चाक जमिनीवर टेकलेलंच बरं. स्पेसर आणि स्टेम परत चढवल्यावर नळीचं वरचं तोंड सगळ्यात वरच्या स्पेसरच्या कडेपेक्षा साधारण ३ मिमी खाली राहायला हवं. नळी कडेला भिडली तर टॉप कॅप नळीवरच टेकते आणि बेअरिंगवर दाब येत नाही. टॉप कॅपचा बोल्ट स्टेमला धरून ठेवण्यासाठी नसतोच, त्याचं काम फक्त हेडसेटमधला खुळखुळाट घालवणं. तो हलक्या हाताने, खेळ जाईपर्यंतच आवळायचा. मग स्टेम चाकाच्या रेषेत आणायचा आणि शेवटी बाजूचे बोल्ट. माझ्या स्टेमवर ५ न्यूटन मीटर छापलेलं आहे, आणि तेवढंच टॉर्क रेंचने मोजून लावलं. हँडलबार पकडणाऱ्या पुढच्या चार बोल्टांच्या पट्टीवर तिरप्या जोड्यांनी थोडं थोडं आवळत गेलं की वरची आणि खालची फट सारखी राहते. शेवटची परीक्षा: पुढचा ब्रेक दाबून ठेवायचा, दुसऱ्या हाताची बोटं हेडसेटच्या सांध्यावर ठेवायची आणि सायकल पुढेमागे हलवायची. सांध्यात टकटक जाणवली तर टॉप कॅप पुन्हा. चाक उचलल्यावर हँडल जड फिरलं तर जास्त आवळलं गेलंय.

स्टिअरर कार्बनचा असेल तर यात आणखी अटी येतात. स्टेमखाली किती स्पेसर चालतील याची मर्यादा कंपनी ठरवून देते, आणि नळीला आतून आधार देणारा एक्सपांडर प्लग स्टेमची पकड येते त्याच उंचीवर असावा लागतो, नाहीतर नळी चिरडते. माझा स्टिअरर ॲल्युमिनियमचा आहे, तरी नळीवर चढणारा एक्सटेंडर मी टाळला. पुढच्या चाकाचं सगळं नियंत्रण ज्या एका सांध्यावर आहे तिथे आणखी एक सांधा वाढवायला मन तयार होत नाही. कोन बदलता येणारा ॲडजस्टेबल स्टेम मात्र योग्य कोन शोधण्यापुरता उसना वापरून पाहायला हरकत नाही. तो जड असतो आणि उभं राहून जोर लावला की थोडा लवचिक वाटतो, पण आपल्याला काय हवंय ते त्याने लवकर कळतं.

केबलकडे लक्ष ठेवा. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिल्यावर मागच्या ब्रेकची केबल ताणली जात होती, तिचं आउटर आणि आतली तार दोन्ही बदलली. हायड्रॉलिक ब्रेकला होज आखूड पडला तर तो बदलून ब्लीड करावं, म्हणजे आतली हवा काढावी लागते. हल्लीच्या काही सायकलींत सगळ्या केबल हेडसेटच्या आतून जातात, त्यांच्यात हे काम मेकॅनिककडेच द्यावं.

स्टेम बसवला म्हणून काम संपलं नाही. हँडल वर आल्यावर ब्रेकचे हूड, म्हणजे लिव्हरवरच्या रबरी पकडी, वेगळ्या कोनात आले होते. बार थोडा फिरवून मी वरच्या सपाट भागापासून हूडपर्यंतची रेषा जवळजवळ समतल केली, त्याने मनगट सरळ राहतं. बोटांच्या बधिरपणात मोठा फरक मला या छोट्या बदलाने पडला असं वाटतं, पल्ला कमी करण्याइतकाच. लिव्हरच्या आतला पल्ल्याचा स्क्रू फिरवून ब्रेक लिव्हरही जवळ घेतले.

आता जे सोसावं लागलं ते. हातांवरचं वजन गेलं कुठे? सीटवर. आधीची अरुंद सीट वाकलेल्या बसण्याला ठीक होती, कारण तेव्हा भार पुढे विभागला जायचा. धड ताठ झाल्यावर बैठकीच्या दोन हाडांवर तो थेट आला आणि ती सीट टोचायला लागली. मागच्या बाजूला थोडी रुंद सीट घेतली, मऊ नाही, रुंद. त्यानंतर खड्ड्यांचे दणके कण्यात जास्त जाणवू लागले, म्हणून टायर २५ वरून २८ मिमीचे केले आणि हवा थोडी कमी ठेवते. फ्रेममध्ये जागा असती तर ३२चे घातले असते. ज्यांची कंबर आधीच दुखते त्यांनी हे ध्यानात ठेवावं: ताठ बसल्याने मानेला आराम मिळतो, पण रस्ता कमरेला जास्त कळतो.

वाऱ्याचं म्हणाल तर फुकट काहीच मिळत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाच्या. वीसच्या आसपास वेगाने चालवताना मला काही फरक कळत नाही. तिसाच्या वर, एकटीने, सपाट रस्त्यावर तो स्पष्ट कळतो. ड्रॉप धरण्याची सवय लागल्याने बरीच भरपाई होते. बारचा खालचा भाग वरच्यापेक्षा साडेबारा सेंमी खाली आहे. पूर्वी तो सीटपासून वीस सेंमीच्या वर खोल होता, पोट मांड्यांना लागायचं आणि श्वास कोंडायचा. आता साडेपंधरा सेंमी खोल, तिथून पुढे नीट दिसतं आणि ब्रेक तिथून जास्त जोरात लागतात. घाट उतरताना मी पूर्वी हूड धरून बोटांच्या टोकांनी ब्रेक ओढायचे, हात गळून जायचे. ते पूर्ण थांबलं.

चढावर दोन गोष्टी बदलल्या. बसून चढताना श्वास मोकळा वाटतो, पण फारच उभा चढ आला की पुढचं चाक हलकं होऊन रेषा सोडू पाहतं. कोपर वाकवून छाती खाली आणली की ते बसतं. उभं राहून चढताना मात्र हँडल जवळ आल्याने जागा कमी पडते. मी क्वचितच उभी राहते म्हणून चालतं. ज्यांची चढायची पद्धतच ती आहे त्यांनी पल्ला एवढा कमी करू नये, उंचीवरच थांबावं.

स्टेमचे बोल्ट पहिल्या काही लांब राइडनंतर पुन्हा टॉर्क रेंचने तपासले, हलले नव्हते. बार टेप नवी घातली, यावेळी साध्या जाडीची, कारण जाड टेपची गरज उरली नाही. पुढची सायकल घेताना सगळ्यात आधी स्टॅक आणि रीच, म्हणजे फ्रेमची उंची आणि पुढचा पल्ला सांगणारे दोन आकडे बघणार आहे. एन्ड्युरन्स (लांब, आरामात चालवण्यासाठीच्या) प्रकारच्या फ्रेममध्ये स्टॅक मुळातच जास्त असतो, तिथे एवढा उंच स्टेम लागणार नाही. आणि पैसे देण्याआधी एक गोष्ट लिहून घेणार: स्टिअरर मी सांगेपर्यंत कापायचा नाही.