गाणं आधी की नाच आधी? नाटक बसवणाऱ्यांसाठी

नाचाची गाणी असलेलं नाटक हाती घेतलं की पहिल्याच बैठकीत ठरवावं लागतं: संगीतकाराने ट्रॅक करून द्यायचा आणि त्यावर नाच बसवायचा, की दोघांनी तालमीच्या हॉलमध्ये गाणं आणि नाच बरोबरीने घडवायचे?

पहिली पद्धत सर्रास चालते. स्टुडिओ एकदाच लागतो, नटांना पहिल्या दिवसापासून पक्कं गाणं ऐकायला मिळतं. वरातीचं, उत्सवाचं गाणं असेल तर खुशाल हीच घ्या. पण नाचातून गोष्ट पुढे सरकायची असेल तर ही पद्धत हमखास अडते. तालमीत कळतं की नायिकेला विंगेपर्यंत पोचायला अजून 8 मात्रा (तालाचे ठोके) हव्यात, आणि मिक्स झालेल्या गाण्यात त्या घालायच्या कुठे? मग कुणीतरी तुकडा कापून चिकटवतं आणि सांधा शेवटच्या रांगेतही ऐकू येतो. म्हणून प्रत्येक वाद्याचा सुटा ट्रॅक आधीच मागून ठेवा.

दुसऱ्या पद्धतीत पेटी आणि ढोलकीवाला रोज तालमीला लागतात, मानधन वाढतं. तरी ती परवडते. ‘घाशीराम कोतवाल’ (1972) आठवा. संगीत भास्कर चंदावरकरांचं, नृत्य कृष्णदेव मुळगुंदांचं. ब्राह्मणांची रांग गाते, डोलते आणि पाठ फिरवली की भिंत होते. त्यातली चाल हालचालीपासून सोडवून काढताच येत नाही. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर तर गाणं आणि नाच असे सांधण्यासाठी वेगळा माणूस असतो. 1945 च्या ‘कॅरोसेल’मध्ये अ‍ॅग्नेस डी मिल यांच्या नृत्यासाठी रिचर्ड रॉजर्स यांच्या चालींमधून बॅलेचं संगीत बांधलं ते ट्रूडे रिटमन यांनी.

एकत्र बसल्यावर पहिलं भांडण मोजणीचं. नृत्यदिग्दर्शक आठ-आठ मोजतो, संगीतकार आवर्तनं, म्हणजे तालाच्या पूर्ण फेऱ्या. केरव्यात निभावतं, तो ताल 8 मात्रांचाच. रूपक तालात मात्रा 7, त्यामुळे दुसऱ्याच आठाला सम (आवर्तनाची पहिली मात्रा) हातची जाते आणि दोघं पुन्हा भेटतात ते थेट 56 मात्रांनंतर. तिथे नाचणाऱ्यांनीही 3-2-2 असंच मोजावं.

दुसरी गोष्ट श्वासाची. उड्यांनंतर लगेच लांब स्वर आला की आवाज फाटतो. मध्ये 4 मात्रा मोकळ्या सोडायला लावा. लयही आकड्यात लिहून ठेवा: मिनिटाला 120 च्या लयीत 64 मात्रा 32 सेकंदांत संपतात, 112 ला 34 सेकंदांहून थोड्या जास्त वेळात. सराव एका लयीत आणि प्रयोग दुसऱ्या लयीत झाला तर पाय अडखळणारच.

रोज वादक परवडत नसतील तर पेटी-ढोलकीवरचं कच्चं गाणं फोनवर घ्या, त्यावर नाच बसवा, आणि बदल थांबले की मगच स्टुडिओ गाठा. वेशबदलाच्या जागी मात्र ढोलकी प्रत्यक्षच ठेवा. नऊवारी नेसायला कधीकधी जास्त वेळ लागतो, आणि ढोलकीवाला नटी विंगेत दिसेपर्यंत ठेका फिरवत राहू शकतो. ट्रॅक थांबत नाही. शेवट तिहाईने, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून, समेवर आणा. सूर हळूहळू विरत गेला तर शेवटची पोझ नेमकी कधी धरायची, हे नाचणाऱ्याला कळत नाही आणि टाळ्या वाजवणाऱ्यालाही.