सायकॉलॉजीचा पहिला कोर्स: घरून घ्यावा की वर्गात बसून?

कॅलिफोर्नियात 116 कम्युनिटी कॉलेजं (दोन वर्षांची सरकारी कॉलेजं) आहेत आणि सायकॉलॉजीचा प्राथमिक कोर्स त्यांतल्या बहुतेकांत दोन्ही तऱ्हांनी मिळतो, ऑनलाइन आणि वर्गात. 2025 च्या फॉल सत्रापासून त्याला राज्यभर एकच क्रमांक मिळायला लागलाय, पीएसवायसी सी1000. त्यामुळे एका कॉलेजातून दुसरीकडे क्रेडिट (पूर्ण केलेल्या कोर्सची मान्यता) नेताना होणारी वादावादी बरीच कमी होईल. आपल्या लोकांत या कोर्सच्या वाटेला जाणारे साधारण तीन प्रकारचे असतात. भारतातून बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करून आलेली, एच-4 (एच-1बी नोकरदाराच्या जोडीदाराच्या) व्हिसावर असलेली आणि आता नर्सिंगचा विचार करणारी. हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचं क्रेडिट गाठीशी बांधू पाहणारं पोरगं. आणि चार वर्षांच्या विद्यापीठात शिकणारी, उन्हाळ्यात एक विषय स्वस्तात उरकू म्हणणारी. तिघांचाही प्रश्न तोच, पण तिघांना एकच सल्ला देणारा माणूस मला तरी भरवशाचा वाटत नाही.

पैशाचं आधी बोलून टाकू, कारण तिथे फरक जवळजवळ नाहीच. राज्याच्या रहिवाशाला एका युनिटचे (कोर्सचं क्रेडिट युनिटांत मोजतात) 46 डॉलर, म्हणजे तीन युनिटांच्या कोर्सचे 138, वर किरकोळ फी. ऑनलाइन घेतला म्हणून सूट नाही. रहिवासी नसाल तर हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो, आणि घरी बसून शिकलात तरी वाढलेलाच राहतो. एच-4 वाल्यांनी इथे एक डोळा ठेवावा: कॅलिफोर्नियात वर्षभराहून जास्त राहून, इथेच राहायचा इरादा कागदांवर दाखवता आला, तर रहिवाशाचा दर मिळू शकतो. घराचा करार, टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स अशी कागदपत्रं आधीच गोळा करून ठेवा. केंद्र सरकारची पेल ग्रँट (गरजू विद्यार्थ्यांना मिळणारी, परत न करायची मदत) मात्र एच-4 वर मिळत नाही. हायस्कूलच्या मुलांना बहुतेक कॉलेजं ही फी माफ करतात. पुस्तकाच्या खर्चातही ऑनलाइन आणि वर्ग यांत फरक नाही. राइस युनिव्हर्सिटीच्या ओपनस्टॅक्सचं सायकॉलॉजीचं पुस्तक फुकट आहे, आणि वेळापत्रकात ‘झिरो टेक्स्टबुक कॉस्ट’ अशी खूण असलेला वर्ग निवडलात तर पुस्तकावर डॉलरही जात नाही. ही खूण दोन्ही प्रकारच्या वर्गांना असते. ऑनलाइनमध्ये वाचतं ते पेट्रोल, पार्किंग आणि मुलाला सांभाळायला ठेवलेल्या बाईंचे पैसे. लहान मूल घरात असेल तर हा शेवटचा खर्च फीपेक्षा मोठा ठरतो.

एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर पुढचं वाचण्याआधी एवढं लक्षात घ्या: पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून लागणाऱ्या क्रेडिटांत एका सत्रात ऑनलाइन कोर्स एकच धरला जातो. कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय दुसरा घेऊ नका.

आता खऱ्या फरकाकडे. ‘ऑनलाइन’ या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी खपतात. एकात ठरलेल्या वेळी झूमवर वर्ग भरतो. दुसऱ्यात वर्ग भरतच नाही. कॅनव्हासवर (कॉलेजच्या ऑनलाइन वर्गाच्या वेबसाइटवर) दर आठवड्याचं एक मॉड्यूल उघडतं आणि तुम्ही सवडीने करायचं. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतो तो हा दुसरा. त्याचा आठवडा असा जातो: एक धडा वाचा, दोन-तीन छोटे व्हिडिओ बघा, बुधवार-गुरुवारपर्यंत चर्चेत स्वतःचं मत टाका, रविवारी रात्री 11:59 च्या आत दोघांच्या मतांना उत्तर द्या आणि क्विझ संपवा. रविवारी रात्री साडेदहाला ती चर्चा उघडून बघा. ‘तुझा मुद्दा फार छान आहे, मलाही तसंच वाटतं’ अशा उत्तरांची रांग लागलेली असते. यातून कोणी मानसशास्त्र शिकत असेल असं मला वाटत नाही. मात्र शिक्षक प्रत्येक मताखाली स्वतः लिहिणारा असेल, तर हीच चर्चा वर्गातल्या चर्चेहून खोल जाते, कारण वर्गात तोंड न उघडणारी माणसं इथे लिहितात. इंग्रजीत पटकन बोलायला बिचकणाऱ्यांना हा मोठा आधार आहे.

वर्गाची बाजू एका उदाहरणाने सांगतो. शिकण्याच्या धड्यात ‘नकारात्मक प्रबलन’ येतं, आणि ते म्हणजे शिक्षा असं अर्ध्या वर्गाला वाटतं. गाडीत बसल्यावर पट्टा लावेपर्यंत बीप-बीप चालू राहतं, पट्टा लावला की थांबतं, आणि पुढच्या वेळी तुम्ही आधीच पट्टा लावता. त्रास गेला म्हणून वागणं वाढलं. हे नकारात्मक प्रबलन. शिक्षेत वागणं कमी होतं. वर्गात बाई विचारतात, ‘ही शिक्षा आहे असं कोणाला वाटतं?’ अर्धे हात वर जातात आणि पाच मिनिटांत गोंधळ निस्तरतो. ऑनलाइनमध्ये तुम्ही व्हिडिओ बघता, समजलं असं वाटतं, आणि आपल्याला समजलेलं नाही हे क्विझमध्ये गुण गेल्यावर कळतं. पहिल्या कोर्समध्ये अशा जागा पुष्कळ. विशेषतः संशोधनपद्धतीच्या धड्यात, जिथे सहसंबंध (दोन गोष्टी एकत्र बदलणं) म्हणजे कारण नव्हे हे सगळे पाठ करतात आणि पुढच्याच प्रश्नाला विसरतात.

भारतात एफवायबीएला सायकॉलॉजी घेतलेल्यांना आणखी एक धक्का बसतो. तिथे परीक्षेआधीच्या महिन्यात जीव तोडून अभ्यास केला की भागायचं. इथे दर आठवड्याला पाच, दहा, वीस गुणांचे तुकडे असतात आणि दोन रविवार हुकले की ए ग्रेड हातातून जाते. वर्गात निदान शेजारचा म्हणतो, ‘क्विझ दिलीस का?’ घरी कोणी म्हणत नाही.

उन्हाळ्याच्या बॅचसाठी हिशेब मांडूनच ठरवा. तीन युनिटांच्या कोर्सला वाचन-अभ्यास धरून किमान 144 तास लागतात असं इथलं गणित आहे. सोळा आठवड्यांच्या सत्रात ते आठवड्याला 9 तास होतात, आठ आठवड्यांच्या वर्गात 18, आणि सहा आठवड्यांच्या वर्गात 24. म्हणजे असलेल्या कामावर आणखी एक अर्धवेळ नोकरी. गंमत म्हणजे याच कोर्समध्ये स्मरणशक्तीवर प्रयोग करणारा जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस शिकवतात, ज्याने 1885 मध्ये दाखवलं की एका बैठकीत रेटलेल्या घोकंपट्टीपेक्षा दिवसांवर विभागलेली उजळणी जास्त टिकते.

नर्सिंगवाल्यांना माझा सल्ला स्पष्ट आहे. शिक्षण सुटून दहा वर्षं झाली असतील आणि हा इथला पहिलाच कोर्स असेल तर वर्गात जा, नाहीतर आठवड्यातून एकदा कॉलेजला बोलावणारा हायब्रिड घ्या. नर्सिंगच्या प्रवेशात अशा पूर्वअटींच्या विषयांची ग्रेड मोजली जाते. बी ग्रेड स्वस्तात पडत नाही. दुसरा कोर्स बेलाशक ऑनलाइन करा. विद्यापीठातल्या मुलीला मी ऑनलाइनच सुचवेन, फक्त तिने आपल्या काउन्सेलरकडून क्रेडिट चालेल हे आधी लेखी घ्यावं. डॉक्टरकीची वाट असेल तर जरा थांबा. 2015 पासून एमकॅटमध्ये (मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत) मानसशास्त्र-समाजशास्त्राचा 59 प्रश्नांचा स्वतंत्र विभाग आहे, आणि काही मेडिकल स्कूलं पूर्वअटींचे विषय ऑनलाइन केलेले किंवा कम्युनिटी कॉलेजातून केलेले पसंत करत नाहीत. ज्या स्कूलांवर डोळा आहे त्यांच्या वेबसाइटी आधी वाचा.

हायस्कूलच्या मुलाचे आईबाप एक प्रश्न हमखास विचारतात: त्यापेक्षा एपी किंवा क्लेप (कोर्स न करता कॉलेजचं क्रेडिट मिळवून देणाऱ्या परीक्षा) दिली तर? क्लेपची परीक्षा 90 मिनिटांची, 95 प्रश्नांची. पास झाली की कॅल स्टेट विद्यापीठांत क्रेडिट मिळतं, पण युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया क्लेप धरत नाही. एपी धरते, पण सगळं मे महिन्यातल्या एका परीक्षेवर टांगलेलं. कॉलेजच्या कोर्समध्ये हा धोका नाही. मात्र इथे पडलेली ग्रेड मुलाच्या कॉलेज ट्रान्सक्रिप्टवर कायमची राहते, हे सोळाव्या वर्षी त्याच्या ध्यानात येत नाही. तो रविवारचं काम शनिवारी करणारा नसेल तर ऑनलाइनच्या भानगडीत पडू नये.

नोंदणी झाली की तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा. पहिल्या आठवड्यात कॅनव्हासवर काम केलं नाही तर ऑनलाइन वर्गातून नाव काढून टाकतात. नुसतं लॉग इन पुष्कळदा पुरत नाही, ओळखीची पोस्ट टाकावी लागते. ट्रान्सक्रिप्टवर काहीही न उमटता सोडायची मुदत सुरुवातीच्या आठवड्यांतच संपते. त्यानंतर सोडलात तर ‘डब्ल्यू’ (कोर्स सोडल्याची खूण) येतो, आणि त्याचीही मुदत सत्राचा साधारण तीन-चतुर्थांश भाग सरेपर्यंतच. सहा आठवड्यांच्या वर्गात या तारखा इतक्या झपाट्याने येतात की पहिल्या क्विझचे गुण हाती पडेपर्यंत पहिली मुदत उलटलेलीही असते.